नॅसमध्ये ऑक्टोबरनंतरचं सगळं गायब, रिपेअरचं बटण दाबू का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय पण वाचा, दोन रात्री झोप नाही. घरी टू-बे नॅस आहे, म्हणजे घराच्या नेटवर्कवर फायली साठवायचा बॉक्स, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला, आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, मिरर केलेल्या, म्हणजे एकीवर जे तेच दुसरीवर, रेड वन. (आमचा धंदा टॅक्स रिटर्नचा, घरात रेड शब्द काढला की बायको आधी दार बघते, पण ते असो.) परवा संध्याकाळी सांगलीत वळीव झाला त्यात लाईट चार-पाचदा गेली-आली, एकदा तर असा कडाडला की शेजारच्यांचा टीव्हीच गेला. लाईट टिकल्यावर बॉक्स आपोआप सुरू झाला, फोल्डर उघडले, आणि बघतो तर मागच्या ऑक्टोबरनंतरचं काहीच नाही. त्याच्या आधीचं सगळं जिथल्या तिथं. ऑक्टोबरनंतर एक फाईल नाही, जसं काही गेले सात महिने आम्ही घरात राहतच नव्हतो.

पोरीच्या गॅदरिंगचे फोटो गेले ते आईवडलांच्या ग्रुपवरून मिळतील. जीव अडकलाय तो बाबांच्या कॅसेटमध्ये. बाबा आयुष्यभर हौशी संगीत नाटकांना पेटीची साथ करत आले, त्या प्रयोगांच्या आणि घरच्या बैठकांच्या कॅसेट. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या जुन्या घरात खालचं काही म्हणजे काही राहिलं नाही, ट्रंक माळ्यावर होती म्हणून कॅसेट वाचल्या. पण दमट हवेनं बुरशी धरली. या थंडीत रोज रात्री जेवणं झाली की एकेक लावून, अशा ६४ कॅसेट मी डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आवाजाच्या फायलींत, उतरवल्या. काही एकदाच वाजल्या आणि मग डेकमध्येच गुंडाळल्या. आता डेकचा बेल्ट पण गेलाय.

बॉक्सच्या पानावर आत्ता असं दिसतंय: डिस्क १ नॉर्मल, डिस्क २ नॉट इनिशियलाइज्ड, व्हॉल्यूम डिग्रेडेड, आणि खाली निळं रिपेअरचं बटण. दाबू का? आणि ऑक्टोबरच का हे कुणी सांगेल का, ऑक्टोबरात आमच्याकडं काहीच झालं नव्हतं.

भडंग_आणि_चहा

दाबा बिनधास्त. माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी सेम डिग्रेडेड आलेलं, रिपेअर दाबलं, रात्रभर चाललं, सकाळी हिरवा दिवा. मिरर कशासाठी असतो मग. काय टेन्शन घेऊ नका.

मिरज_जंक्शन

दाबू नका!! आधी बॉक्स बंद करा. पानावर शट डाऊन आहे त्यानं नीट बंद करा, वायर ओढू नका, मग पुढचं वाचा.

मिररमध्ये दोन्ही डिस्कवर एकच माल असतो हे तेव्हाच खरं जेव्हा दोन्ही डिस्क खेळात असतात. माझा अंदाज असा. ऑक्टोबरात तुमची डिस्क १ बाहेर पडली. मेली नाही, फक्त बाहेर पडली. त्या दिवसापासून सगळं एकट्या डिस्क २ वर लिहिलं जात होतं, कॅसेटसकट. परवा लाईटच्या झटक्यात डिस्क २ सुरू व्हायला उशीर झाला किंवा दिसलीच नाही, बॉक्सला फक्त डिस्क १ सापडली आणि ती घेऊन तो उभा राहिला. डिस्क १ साठी अजून ऑक्टोबरच चाललाय. म्हणून तुम्हाला ऑक्टोबर दिसतोय.

आता रिपेअर दाबलं की बॉक्स काय करणार, चालू असलेली डिस्क १ खरी धरणार आणि ती अख्खी डिस्क २ वर छापणार. म्हणजे शिळा माल ताज्यावर. कॅसेट आत्ता बहुतेक डिस्क २ वर सुखरूप आहेत आणि त्यांना आत्ता सगळ्यात मोठी भीती त्या बटणाचीच आहे.

भडंगराव, तुमच्याकडं तुम्ही कोरी डिस्क घातली असणार. कोऱ्यावर जुनं छापलं गेलं, त्यात जायचं काय होतं?

भडंग_आणि_चहा

हो, कोरीच घातलेली. चुकलं माझं. ओ विश्रामबागकर, दाबलं नाही ना??

विश्रामबागकर

नाही दाबलं. बोट तिथंच होतं. बंद केलाय बॉक्स, हात कापतायत अजून.

आणि जंक्शन, तुम्ही ऑक्टोबरचं बोलला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. दसऱ्याच्या सुमारास घरात कुठंतरी बीप-बीप चालू झालं होतं. इन्व्हर्टर आणि नॅस एकाच कपाटात, वरखाली. आईचं ठाम मत, बॅटरीतलं पाणी संपलं. मी डिस्टिल्ड वॉटर आणून घातलं. बीप थांबेना. मग इलेक्ट्रिशियन आला, त्यानं पण घातलं. मग पोरीनं मोबाईलवर कुठलंतरी बटण दाबलं आणि थांबलं, आम्हाला वाटलं पाणी लागू पडलं. आत्ता तिला विचारलं तर म्हणते, ते नॅसच्या ॲपमध्ये बीप ऑफ होतं ते दाबलेलं. बॉक्सचे इशाऱ्याचे मेल जातात ते माझ्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, ते मी २०२२ पासून उघडलेलं नाही.

आता पुढं काय करू? दुकानात देऊ का? इथल्या एकानं फोनवर सांगितलं, घेऊन या, विंडोजला लावून बघू.

मिरज_जंक्शन

विंडोजला लावायची नाही. विंडोजला आतली लिनक्सची मांडणी कळत नाही, ते लगेच विचारतं डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का, आणि घाईत असलेला माणूस हो म्हणतो. तुम्हाला थोडंफार कॉम्प्युटर जमतं असं दिसतंय म्हणून घरीच कसं करायचं ते सांगतो. एकच अट. डिस्क २ कानाला लावून ऐका, कट-कट, कर्रकर्र असा ठराविक आवाज येत असेल तर इथंच थांबा, ते क्लीनरूमवाल्या, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्या, लॅबचं काम आहे, प्रत्येक वेळी चालू कराल तसं आत खरवडत जाणार.

आवाज ठीक असेल तर आधी दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून १ आणि २ लिहा, सीरियल नंबर कागदावर उतरवा. हे बावळटासारखं वाटतं पण टेबलावर दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्क आल्या की माणूस हमखास गोंधळतो. मग एक नवी डिस्क घ्या, चार टीबीपेक्षा मोठी घ्या, सहा किंवा आठ, कारण कंपनी बदलली की चार टीबीच्या दोन डिस्कमध्ये पण दोन-चार एमबीचा फरक पडू शकतो आणि नक्कल शेवटाला येऊन अडते. पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे फुकटचं लिनक्स, टाकून लॅपटॉप त्यावर सुरू करा. पहिल्यांदा स्मार्ट बघा, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, त्यात ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळी. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, वाचताना अडखळलेले. तिथं शून्य असेल तर देवाला पेढे.

मग एमडीएडीएमनं, म्हणजे लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, प्रत्येक डिस्कच्या डेटाच्या पार्टिशनचं एक्झामिन करा, हे फक्त वाचतं, लिहीत काही नाही. बऱ्याच बॉक्समध्ये पहिलं पार्टिशन सिस्टिमचं, दुसरं स्वॅप, तिसरं मोठं ते आपलं. एका वेळी एकच डिस्क लावा, दोन्ही एकदम लावून उबुंटूला जोडाजोडीचा मोह होऊ देऊ नका. त्यात दोन गोष्टी बघायच्या, अपडेट टाइम आणि इव्हेंट्स, म्हणजे रेडची नोंद किती वेळा बदलली त्याचा आकडा. इथं एक खड्डा आहे. अपडेट टाइम डिस्क १ चाच ताजा दिसणार, कारण वळवानंतर बॉक्स तिच्यावरच चालत होता. तारीख बघून फसू नका, इव्हेंट्सचा आकडा बघा. डिस्क २ सात महिने राबलीय, तिचा आकडा बराच मोठा असणार. आणि खाली ॲरे स्टेट म्हणून ओळ असते, त्यात प्रत्येक डिस्क म्हणेल मी हजर, दुसरी गैरहजर. भावकीतल्या वाटणीसारखं, दोघी आपलंच खरं करणार.

एवढं कळलं की डिस्क २ ची नक्कल नव्या डिस्कवर. साध्या कॉपीनं नाही, डीडीरेस्क्यूनं. ते सोपा भाग आधी उरकतं, अडलेले सेक्टर मागं ठेवतं, आणि कुठवर आलं त्याची मॅप फाईल ठेवतं, त्यामुळं मध्येच लाईट गेली तरी तिथूनच पुढं चालू. मॅप फाईल पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर ठेवा. लॅपटॉपचा यूएसबी ३ असेल तर चार टीबीला आठ-दहा तास धरा, यूएसबी २ असेल तर दीड दिवस, तेव्हा आधी पोर्ट बघा. पुढची सगळी कारागिरी नकलेवर. मूळ डिस्क २ परत कपाटात.

एमडीएडीएमचं क्रिएट, म्हणजे नवं रेड बनवणं, हे कुठंही वाचलंत तरी करू नका. नुसतं असेंबल, म्हणजे आहे तेच जोडणं, ते पण रीड-ओन्ली. माउंट, म्हणजे आतल्या फायली दिसायला लावणं, ते पण रीड-ओन्ली, फाईल सिस्टिम ईएक्सटी फोर असेल तर नोलोड घालून, म्हणजे ते जर्नल, अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद, परत चालवायला जाणार नाही. आणि एफएससीके, म्हणजे फाईल सिस्टिमची दुरुस्ती, तर नकलेवर सुद्धा एवढ्यात नको.

पुण्यातली_सांगलीकर

जंक्शनकाकांनी सगळं सांगितलंय, माझी एकच भर, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. डीडीरेस्क्यूमध्ये आधी मूळ डिस्क लिहायची, मग नवी. उलटं लिहिलंत तर कोरी डिस्क मूळवर छापली जाईल आणि प्रोग्राम एक अक्षर बोलणार नाही. एंटर मारायच्या आधी दोन्ही सीरियल नंबर मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणालातरी कागद घेऊन शेजारी उभं करा. मी रात्री अडीचला एकटी करत होते. पुढचं सांगत नाही.

अजिंक्यताऱ्याखालचा

सातारहून नमस्कार. वरचं सगळं बरोबर पण मूळ दुखणं कुणी विचारलंच नाही. बॉक्सला १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो ना लॅपटॉपसारखा, तो तपासा. चार-पाच वर्षं कपाटात इन्व्हर्टरच्या उबेला राहिला की आतले कपॅसिटर फुगतात. नुसता मोजला तर १२ दाखवतो, लोड आला की बसतो. डिस्क सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट ओढते, दोन्ही एकदम फिरायला लागल्या की एकीला पुरत नाही, मग ती गायब. माझ्याकडं असंच झालं होतं, मी एकापाठोपाठ दोन चांगल्या डिस्क खराब समजून बदलल्या आणि खरा चोर निघाला अडॅप्टर.

दुसरं, ऑक्टोबरात डिस्क १ का पडली असेल. तुमच्या डिस्क साध्या कॉम्प्युटरवाल्या आहेत का नॅससाठीच्या? साध्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती हट्टानं वाचतच बसते, कधीकधी मिनिटभर. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि म्हणतं ही गेली. नॅसच्या डिस्क सात सेकंदांच्या आसपास हार मानून मोकळ्या होतात, म्हणून त्या टिकतात.

जाता जाता, पुराचा विषय निघालाय म्हणून. २०१९ ला कृष्णाकाठच्या आमच्या पाहुण्यांची डिस्क चार दिवस पाण्यात होती, त्यांनी ती आधी तांदळात पुरली, मग गच्चीत वाळवली, मग चालू केली. संपलं. नंतर लॅबवाला म्हणाला ओली असताना तशीच पिशवीत बांधून आणायची, वाळली की गाळ प्लॅटरवर, म्हणजे आतल्या चकतीवर, घट्ट बसतो. साध्या डिस्कला हवेचं बारीक भोक असतं, तिथनं गढूळ पाणी आत गेलेलंच असतं. सांगलीकरांनी हे ध्यानात ठेवा, पावसाळा आलाच.

भडंग_आणि_चहा

तांदळात पुरायचं मी पण सगळ्यांना सांगत आलोय. आजपासून गप्प बसतो.

विश्रामबागकर

अपडेट देतो, वाट बघत असाल.

आठ टीबीची डिस्क आणली. डिस्क २ चा आवाज स्वच्छ. स्मार्टमध्ये १९७ पुढं २४. पेढे नाहीत, पण घाबरण्यासारखं पण नाही असं धरलं. एक्झामिन केलं आणि जंक्शनकाका, तुम्ही इथं येऊन बघून गेल्यासारखं. डिस्क १ चे इव्हेंट्स १८ हजार २१२ आणि तारीख मी बॉक्स बंद केला त्या दिवशीची. डिस्क २ चे ४१ हजार ९०७ आणि तारीख वळवाच्या दिवशीची, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं, म्हणजे लाईट पहिल्यांदा गेली ती वेळ. नुसती तारीख बघितली असती तर मी डिस्क १ च खरी धरली असती.

नक्कल काढताना पुण्याच्या ताईंनी सांगितलं तसं बाबांना कागद घेऊन उभं केलं. त्यांनी सीरियल नंबर असा वाचला की पदाचा मुखडाच घेतायत, एकेक अक्षर ठाशीव. एंटर मारला तेव्हा रात्रीचे नऊ. पहिले सहा तास सपासप गेलं, मग पहाटे एका ठिकाणी येऊन अडकलं, स्पीड शून्य, पुढं सरकेना, मी उठून उठून बघतोय. तासाभरानं तो भाग बाजूला ठेवून पुढं गेलं. दुपारी संपलं तेव्हा साधारण ७०० केबी वाचायचं राहिलं होतं, चार टीबीमधलं.

नकलेवर असेंबल केलं, माझ्याकडं मध्ये एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा वाटणारा आणखी एक थर, पण निघालं, ते चालू केलं, रीड-ओन्ली माउंट केलं. फोल्डरची यादी आली. डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी. बाबांचं फोल्डर उघडलं, ६४ च्या ६४. कोणत्या तरी एका वर माऊस गेला आणि ती वाजली, पेटी लागली, आणि बाबा आतल्या खोलीतनं म्हणाले, हा भीमपलास इथं नको होता, घाई केली मी. बस. मला आणि काय पाहिजे.

आता प्रश्न असा, ते ७०० केबी कुठल्या फायलीत होते ते कसं कळणार? हजारो फायली एकेक उघडून बघणं काही शक्य नाही.

पुण्यातली_सांगलीकर

वा!! अभिनंदन दादा, आणि काकांना पण सांगा.

फायली शोधायची युक्ती आहे. आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, हे आधी, नक्की. मग नक्कल अनमाउंट करा आणि डीडीरेस्क्यूला मॅप फाईल देऊन सांगा, जिथं जिथं वाचता आलं नाही तिथं एक ठराविक शब्द भर, त्याला फिल मोड म्हणतात. असा शब्द घ्या जो तुमच्या एकाही फायलीत असणार नाही. मग परत माउंट करून ग्रेपनं, म्हणजे शब्द शोधणाऱ्या कमांडनं, सगळ्या फायलींत तो शब्द शोधा. ज्यात सापडेल ती फाईल जखमी. रिकाम्या जागेत पडला असेल तर कुठंच सापडणार नाही, तेवढं नशीब.

मिरज_जंक्शन

आणि डिस्क १ एवढ्यात पुसू नका. वळवाच्या रात्री बॉक्स तिच्यावर चालत होता, फोनचे फोटो आपोआप चढत असतील तर त्या रात्रीचे फक्त तिच्यावर असतील.

विश्रामबागकर

होते! बायकोच्या फोनचे अकरा फोटो डिस्क १ वर निघाले, सगळे पडलेल्या झाडाचे.

फिल मोड केला, शब्द ठेवला डिस्टिल्डवॉटर, सगळा जोडून. दोनच फायली निघाल्या. एक २०१६ च्या कुणाच्यातरी रिटर्नची पीडीएफ, ती पोर्टलवरनं परत उतरवली. दुसरी दुर्दैवानं कॅसेटच. आधी कॉपी करून ठेवलेल्या फायलीत तेवढा भाग शून्य आहे, म्हणजे आवाज येतो, मग चार सेकंद पूर्ण शांत, मग परत येतो.

अडॅप्टर पण बघितला. स्टेशन रोडला एक रेडिओ दुरुस्तीवाले आहेत त्यांच्याकडं नेला, मोकळा १२.१ दाखवला, लोड लावल्यावर १०.४ वर आला. सातारकर, तुम्ही खरे. डिस्क साध्या कॉम्प्युटरवाल्याच आहेत, त्या वेळी हजार-दीड हजार वाचवले होते मी. नवा अडॅप्टर आणि नॅसच्या दोन डिस्क घेतल्या, आणि आठ टीबीची ती कॅसेटची प्रत मावसभावाकडं कुपवाडला ठेवली. दर दोन महिन्यांनी बदलायला जायचं ठरवलंय, त्या निमित्तानं मावशीकडं जाणं पण होईल. मेलचा पत्ता बदलला. नॅस इन्व्हर्टरच्या कपाटातून काढून पुस्तकांच्या फडताळावर, आणि बीप चालू ठेवलीय.

अजिंक्यताऱ्याखालचा

छान झालं. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर तेवढं लावा, नाहीतर प्रत्येक वेळी लाईट गेली की नॅस एक डुलकी घेणार. त्या चार सेकंदांचं काय केलं, कॅसेटवरनं परत घेता येतील का?

विश्रामबागकर

ती एकदाच वाजलेल्यांतली होती, टेप गुंडाळून तुटली. बाबांना ऐकवलं, नाटकाच्या प्रयोगातलं पद आहे, शेवटची तान संपते आणि तिथं गप्प. त्यांनी परत लावायला सांगितलं, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, काही गेलं नाही रे, तिथं टाळ्या होत्या.